जुलैत बेकर नको, जूनअखेर अ‍ॅडम्स कर

माझ्या भाच्याच्या ऑफिसातल्या एका मित्राने मला लांबलचक प्रश्न पाठवलाय. थोडक्यात असा: "मावशी, मी पुण्याचा. दहा वर्षं सह्याद्रीत भटकलो, उत्तरकाशीला गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स केला, आता सिअ‍ॅटलला असतो. दोन हिवाळे लिफ्टवाल्या रिसॉर्टमध्ये स्कीइंग शिकलो. ब्लॅक रन, म्हणजे अवघड उतार, उतरतो, पण देखणा नाही. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात माउंट बेकरवर ईस्टन ग्लेशियरने, म्हणजे हिमनदीवरून, चढून स्कीवर उतरायचं डोक्यात आहे. आम्ही तिघं. एकाला स्की येत नाही, तो बुटांना क्रॅम्पॉन, म्हणजे लोखंडी काटे, लावून चढेल नि बसून घसरत उतरेल. दोर न्यायलाच हवा का? स्कीवर वजन पसरतं म्हणतात. आणि जुलैत बर्फ उरतो तरी का?"

आधी उत्तर देते, मग कारणं. डोंगर बदल आणि तारीख अलीकडे घे. यंदा जूनच्या शेवटी किंवा फार तर जुलैच्या पहिल्या आठवड्यात माउंट अ‍ॅडम्सला दक्षिणेच्या सोंडेवरून जा. बेकर पुढच्या वर्षी, मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, तोही दोर घेऊन आणि तो दोर वापरता येणाऱ्या माणसांबरोबर. मी मूळची साताऱ्याची, सिअ‍ॅटलजवळच्या टाकोम्यात वीस वर्षं झाली, आणि स्की पायाला पहिल्यांदा लावल्या त्या चौतिसाव्या वर्षी. त्यामुळे लहानपणापासून करणाऱ्यांचंच हे काम असलं काही मी तुला ऐकवणार नाही. उशिरा सुरू करूनही जमतं. पण ज्या क्रमाने जमतं तो क्रम तू उलटा लावलायस.

बर्फ उरतो का? भरपूर उरतो. इथल्याच माउंट रेनियरच्या दक्षिण अंगाला पॅराडाइज नावाची जागा आहे, ५,४०० फुटांवर. तिथे वर्षाला सरासरी सोळा मीटरच्या आसपास बर्फ पडतो. १९७१-७२ च्या हिवाळ्यात साडेअठ्ठावीस मीटर पडला होता. बेकरच्या शेजारच्या स्की एरियात १९९८-९९ ला त्याच्याहूनही थोडा जास्त पडला, २८.९६ मीटर, आणि तो जागतिक विक्रम म्हणून नोंदला गेला. पॅसिफिकवरचे ओले ढग या डोंगरांना येऊन थडकतात, आपल्याकडे मोसमी वारे सह्याद्रीला थडकतात तसेच. इथे ते हिवाळ्यात येतात आणि पावसाऐवजी बर्फ टाकतात, एवढंच. महाबळेश्वरचा सगळा पाऊस गोठवून डोंगरावर रचून ठेवला तर काय होईल, ते बघ. हा बर्फ पिठासारखा भुरभुरीत नसतो, चांगला जड असतो. इथली मंडळी या कॅस्केड डोंगररांगेच्या नावावरून त्याला वैतागून 'कॅस्केड काँक्रीट' म्हणतात. हिवाळ्यात शिव्या खाणारं तेच काँक्रीट उन्हाळ्यात आपल्या कामाला येतं, कारण ते दाबून बसलेलं असतं आणि सावकाश वितळतं. शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये इथे पाऊस जवळजवळ नसतो, आणि जूनअखेर सूर्य सव्वापाचला उगवून रात्री नऊनंतर मावळतो. रेनियरच्या शिखरावरून पहिल्यांदा चौघं जण स्कीवर उतरले तेही १९४८ च्या जुलैतच, एमन्स हिमनदीवरून. वर्षाच्या बाराही महिन्यांत निदान एकदा स्की केलीच पाहिजे असं व्रत घेतलेले लोक इथे आहेत. ऑक्टोबरात कुठल्यातरी कळकट पट्ट्यावर चार वळणं मारून 'महिना भरला' म्हणतात. मीही तीन वर्षं भरली, मग गुडघ्याने सोडवलं.

तेव्हा बर्फ असेल की नाही याची काळजी करू नकोस, तो कुठल्या अवस्थेत असेल त्याची कर. जुलैच्या मध्यानंतर उन्हाने त्याला वाट्या वाट्या पडायला लागतात. आधी आप्पेपात्रासारख्या, महिनाअखेरीस एकेका वाटीत पातेलं बसेल एवढ्या. त्यांच्या कडांवरून स्की खडखडत जाते, दात वाजतात, आणि आडवं जायचं झालं तर घोटे बोलायला लागतात. मधेच गुलाबी पट्टे दिसतात. ते बर्फात वाढणारं शेवाळ. दिसायला कलिंगडाच्या फोडीसारखं, पण गडद रंगामुळे ऊन जास्त शोषतं आणि तिथला बर्फ आजूबाजूच्यापेक्षा लवकर खचतो. तुझ्या तिसऱ्या आठवड्यात बेकरच्या खालच्या निम्म्या उतारावर तुला हेच मिळेल.

ज्यासाठी आपण सगळे जातो ती चीज वेगळी. तिला 'कॉर्न' म्हणतात. दिवसा वरचा थर वितळतो, रात्री गोठतो, पुन्हा वितळतो, पुन्हा गोठतो. असं आठवडाभर झालं की बर्फाचे कण फुगून गोल, टपोरे होतात. पहाटे हे सगळे दाणे एकमेकांना चिकटून काचेसारखी लादी झालेली असते. ऊन लागलं की वरचा बोटभर थर सुटतो, खालची लादी तशीच कडक राहते. नीट भिजलेला साबुदाणा हातात घेतल्यावर दाणा न् दाणा सुटा लागतो ना, हुबेहूब तसा. त्यावर स्की आपली आपण वळते. दोन हिवाळे शिकलेला माणूससुद्धा त्यावर उस्ताद वाटतो. आणि साबुदाण्यासारखंच, वेळ चुकली की गिचका. बूट घोट्याच्या वर रुतायला लागला, वळणाबरोबर बर्फाच्या गुंडाळ्या चाकासारख्या गडगडत खाली जायला लागल्या, की समज उशीर झाला. नाळेत, म्हणजे डोंगरातल्या घळीत, असशील तर लगेच कडेला ये, कारण ओला सैल बर्फ पायाखालून सुटून वेग नसला तरी वजनाने माणसाला खेचून नेतो. हिमस्खलनाचा रोजचा अंदाज देणारं केंद्र वसंतातच आपलं दुकान आवरतं, त्यामुळे जूनमध्ये ही पारख तुझी तुलाच.

कॉर्न होण्यासाठी रात्र निरभ्र लागते. हवामानाच्या पानावर शून्य अंशाची पातळी १२,००० फुटांवर दिसली म्हणून निराश होऊ नकोस. आकाश मोकळं असेल तर बर्फ स्वतःची उष्णता वर फेकून हवेपेक्षा थंड होतो आणि ८,००० फुटांवरही गोठतो. उलट रात्री ढगांची गोधडी पडली तर हवा गार असूनही बर्फ मऊच राहतो. माझी कसोटी साधी आहे. पहाटे पाचला पोलचं, म्हणजे स्कीच्या काठीचं, टोक बर्फात मारायचं. टण्ण वाजलं तर पुढे. मुठीपर्यंत गेलं तर थर्मासमधला चहा पिऊन घरी. जून २०२१ च्या शेवटी उष्णतेचा तो घुमट आला आणि सिअ‍ॅटलला ४२ अंश झाले, तेव्हा मी गजरसुद्धा लावला नाही.

बेकर, अ‍ॅडम्स, रेनियर हे सगळे ज्वालामुखी. ज्वालामुखीच्या शंकूचा यात मोठा फायदा आहे. साध्या डोंगररांगेत तुला एक-दोन दिशांचे उतार मिळतात, शंकूला सगळ्या दिशा असतात. पूर्वेची बाजू आठ-नऊला तयार, दक्षिण दहा-अकराला, नैऋत्य बाराच्या सुमारास. ऊन डोंगराला प्रदक्षिणा घालतं, आणि आपण त्याच्या मागे राहायचं. पुढे गेलो की काय होतं ते सांगते. माझी अ‍ॅडम्सची दुसरी खेप. मी आणि माझी मैत्रीण, दोघीही चालायला दमदार, पावणेआठलाच नैऋत्य नाळांच्या तोंडाशी. वाऱ्याने कान बधिर झालेले, खाली उतरायची घाई. मैत्रीण म्हणाली, थोडं घसरत जाऊ, खाली मऊ होईल. मी स्कीची कड लावून पाहिली तर नुसता ओरखडा उमटला, पाटीवर खडूचा टवका उडावा तेवढाच. पस्तीस अंशांचा उतार, खाली तीन हजार फूट काहीही आडवं नाही. आम्ही पाठीमागच्या खडकाच्या आडोशाला जाकिटं घालून बसलो ते तीन तास चाळीस मिनिटं. डब्यातला दाण्याचा लाडू दातांनी फुटेना, काखेत धरून मऊ केला. साडेअकराला मी त्याच जागी परत कड लावली. या वेळी ती अर्धा इंच बसली आणि 'सर्र' आवाज आला. त्या दिवशीच्या उतरणीइतकी सुरेख उतरण त्यानंतर मला चार-पाचदाच मिळाली असेल.

उत्तरकाशीला तुला आइस अ‍ॅक्सने, म्हणजे बर्फाच्या कुऱ्हाडीने, स्वतःला अडवायला शिकवलं असेल. चांगलंच आहे, पण ते बुटांवर. स्की पायात असताना पडलास तर आधी पाय गुंडाळून स्की खालच्या अंगाला आणायच्या, मग कुऱ्हाडीचा विचार. आणि पहाटेच्या काचेवर पस्तीस अंशांत पहिल्या दोन सेकंदांत थांबलास तर थांबलास. हा सराव रिसॉर्टमध्ये कर, पायथ्याशी सपाटी असलेल्या छोट्या उतारावर, मुद्दाम पडून.

आता बेकर. १०,७८१ फुटांचा, अ‍ॅडम्सपेक्षा दीड हजार फूट कमी, म्हणून पुष्कळांना सोपा वाटतो. पण बेकर अंगभर हिमनद्या पांघरून बसलाय आणि ईस्टनच्या वाटेवर सात ते नऊ हजार फुटांच्या पट्ट्यात भेगाच भेगा आहेत. हिमनदी वाहते, जिथे खालचा खडक फुगीर असतो तिथे ती वाकताना फाटते. हिवाळ्याचा बर्फ या फटींवर पूल बांधतो. मेमध्ये हे पूल दोन-तीन मीटर जाड असतात. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत निम्मे पडलेले असतात, ते दिसतात, ते सोपे. उरलेले निम्मे वरून साजूक आणि आतून पोखरलेले.

वजन पसरतं हे खोटं नाही. स्कीवर उभा असताना तू बुटापेक्षा खूपच कमी दाब देतोस, आणि वेगात पूल ओलांडून जातोस. पण दिवसभर कोणी स्कीवर नसतं. चढताना स्कीखाली चिकटवलेली पट्टी, म्हणजे स्किन, सुटते, बूट चावतो, लघवीला जायचं असतं, फोटो काढायचा असतो. माझी स्वतःची गोष्ट याच पट्ट्यातली आहे. जूनअखेर, सकाळचे दहा, दोर सोडून आम्ही नुकतेच उतरायला लागलेलो. एका स्कीखाली बर्फाचा गोळा चिकटला म्हणून मी सपाटशी जागा बघून थांबले, एक स्की काढली आणि पाय खाली ठेवला. तो मांडीपर्यंत गेला. दुखलं काही नाही. फक्त पायाखाली काही लागेना. मी खाली वाकून पाहिलं तर मांडीभोवतीच्या फटीतून निळा रंग दिसत होता, वर फिका, खाली शाईसारखा, आणि तिथून गार वारा नडगीला लागत होता, फ्रिजचं दार उघडल्यासारखा. दुसरी स्की पायात होती आणि ती आडवी पडली म्हणून मी वर राहिले. जोडीदाराने लांबून दोराचं टोक फेकलं, मी पोटावर सरपटत बाहेर आले. ती जागा मी सपाट म्हणून निवडली होती. नंतर वरून पाहिलं तेव्हा कळलं, ती सपाटी म्हणजे किंचित खचलेला, दोन्ही बाजूंना लांबपर्यंत गेलेला पट्टा होता. खचलेली रेघ म्हणजे खाली पोकळी, हे मी दहा जणांना शिकवलेलं होतं.

तेव्हा दोर न्यायलाच हवा, त्यात चर्चा नाही. चढताना बांधूनच चढायचं, थांबून स्की काढायची तर बांधलेल्या स्थितीत किंवा आधी पोलने चहूबाजूंनी टोचून पाहिलेल्या जागेत. उतरताना, बर्फ भरपूर असेल आणि उजेड स्वच्छ असेल तर बहुतेक लोक दोर सोडतात, मीही सोडते, कारण बांधून स्की करणं म्हणजे तीन पायांची शर्यत. एक वळला की दुसरा ओढला जातो. पण तेव्हाही भेगांना काटकोनात जायचं, एकामागून एक, अंतर ठेवून, आणि दोर शेवटच्या माणसाच्या पाठीवर ठेवायचा. पुढचा पडला तर मागच्याकडे दोर हवा. पडणाऱ्याच्या पाठीवरचा दोर त्याच्याबरोबर खाली गेलेला असतो. हे ऐकायला इतकं उघड आहे की हसू येतं, पण मी दर मोसमात दोर पुढच्याच्या पाठीवर पाहते.

दोघंच बांधून चालत असाल तर मधल्या दोरात गाठी मारा. कोणी पडला की गाठ भेगेच्या ओठात रुतते आणि वरच्याला फरफटत जाण्यापासून वाचवते. मात्र त्याच गाठी वर ओढताना अडतात, म्हणून वाचवायला वेगळी, बिनगाठीची लांबी दोघांकडेही हवी. स्की आडवी पुरून तिला दोर बांधायचा, तोच तुमचा खुंटा. ही सगळी कवायत घराजवळच्या मैदानातल्या झाडाला दोर बांधून निदान चारदा करा, मग बर्फावर हातमोजे घालून दोनदा. कोर्समध्ये एकदा केलेलं तीन वर्षांनी हातात राहत नाही.

आणि तुमचा तिसरा गडी. बेकरचा बेत मुळात त्याच्यापाशीच मोडतो. चालणाऱ्याचा दाब सगळ्यांत जास्त, दुपारी पूल सगळ्यांत कमजोर, म्हणजे त्याला उतरताना बांधावंच लागणार. एकट्याला कसं बांधणार? मग तुम्ही दोघं स्की पाठीला लावून त्याच्याबरोबर चालत उतरणार, नाहीतर त्याला हिमनदीवर मोकळा सोडून स्कीवर निघून जाणार. पहिल्यात स्की उगाच वाहिल्या. दुसरं तू करणार नाहीस. बसून घसरणं तर हिमनदीवर अजिबात नाही, खालचं दिसत नाही तिथे तर नाहीच.

अ‍ॅडम्सला हा प्रश्न जवळजवळ सुटतो. सुमारे १२,२८० फूट उंच, बारा नामांकित हिमनद्या असलेला हा डोंगर आहे, पण दक्षिणेची सोंड त्या हिमनद्यांना बगल देऊन वर जाते. कोल्ड स्प्रिंग्ज नावाच्या पायथ्याची उंची ५,६०० फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा थोडी जास्तच. तिथून चढायला सुरुवात, आणि चढ सुमारे ६,७०० फूट, म्हणजे समुद्रापासून कळसूबाई चढून वर आणखी तेराशे फूट. हा आकडा डोक्यात ठेवून जूनपर्यंत तयारी कर. रस्ता बर्फातून मोकळा व्हायला बहुतेक जून उजाडतो, कधी जुलै. ट्राउट लेक गावातल्या वनखात्याच्या कचेरीत विचारून घे. १ मे ते ३० सप्टेंबर या काळात ७,००० फुटांच्या वर जायला परवाना लागतो, तो आधी ऑनलाइन घे. डोंगराची पूर्व बाजू याकामा नेशन या इथल्या मूळ रहिवाशांच्या जमातीची आहे, तिथले नियम वेगळे, तिकडे भरकटू नकोस. तिकडे न भरकटण्याचं आणखी एक कारण: दक्षिणेच्या सोंडेवरून धुक्यात उतरताना माणूस डावीकडे पूर्वेला सरकला की माझामा हिमनदीवर जातो, आणि तिथे भेगा आहेत.

सोंडेवर नऊ-साडेनऊ हजार फुटांवर 'लंच काउंटर' नावाचं सपाटसं टेपाड आहे. तिथून वर सव्वादोन-अडीच हजार फुटांची एक सरळ, कंटाळवाणी चढण. तिच्या माथ्याला 'पायकर्स पीक' म्हणतात, ११,६५७ फूट. तो माथा खरा शिखर वाटतो, आणि तिथे पोचल्यावर मागे आणखी एक ढेकूळ दिसतं. राजगडच्या वाटेवर प्रत्येक वळणाला 'आलाच' म्हणणारा मित्र आठवेल तुला. या डोंगराच्या माथ्यावर एके काळी आगीवर नजर ठेवणारी चौकी होती आणि १९३० च्या दशकात गंधकाची खाण काढायला खेचरं वर नेली होती. माझा दम लागला की मी त्या खेचरांचा विचार करते.

रात्री दोनला निघालात तर ताशी हजार फुटांनी, वर दोनेक तासांचे थांबे धरून, साडेदहा-अकराला माथा. मग पायकर्स पीकपाशी परत येऊन ठरवायचं: सोंडेच्याच उतारावरून उतरायचं की नैऋत्य नाळांनी. नाळा म्हणजे पस्तीस अंशांच्या आसपासची, एकसंध, तीन हजार फुटांहून लांब उतरण, या भागातली सगळ्यांत नावाजलेली. तुझ्या सध्याच्या स्कीइंगला ती पेलते, पण कॉर्नच्या दाण्यावरच. वाऱ्यामुळे गोठलेली असेल तर सोंडेने उतर, तिथला कोन सौम्य आहे.

दोन गोष्टी नकाशा सांगत नाही. एक, बरेच जण लंच काउंटरला तंबू ठोकतात आणि मग नाळा उतरायला जातात. नाळा तुला तंबूच्या कितीतरी खाली आणि पश्चिमेला नेऊन सोडतात. तंबू आणायला परत हजारभर फूट चढावं लागतं, तेही भर दुपारी, गिचक्यात. मी एकदा चढलेय. तेव्हा मुक्काम करायचा तर खाली, झाडं संपतात तिथे कर, किंवा मग एका दिवसात उरक. दुसरं, नाळांच्या तळाशी आल्यावर उतार इतका गोड असतो की पाय थांबत नाहीत. तिथे आपल्या डावीकडे आडवं जात डोंगराला वळसा घालणाऱ्या पायवाटेला लागायचं असतं, जी तुला परत मूळ वाटेवर आणते. ती वाट बर्फाखाली असते. उंची फोनमध्ये आधी नोंदवून ठेव आणि त्या आकड्याला थांब, पुढे कितीही छान दिसो. चार वळणांच्या मोहापायी जळक्या झाडोऱ्यातून दोन तास स्की पाठीवर अडकवत चालणारी माणसं मी पाहिलीत. मच्छर बोनस.

तुमच्या तिसऱ्याला सोंडेवरून घसरत यायला हरकत नाही. आधीच्या लोकांनी घसरून घसरून तिथे पन्हाळी पाडलेल्या असतात, गुडघ्याएवढ्या खोल. त्याला दोन गोष्टी बजाव: बसायच्या आधी क्रॅम्पॉन काढायचे, नाहीतर टोकं बर्फात अडकून घोटा मोडतो, आणि पन्हाळीत वळण दिसत नसेल तर उभं राहून बघायचं.

अ‍ॅडम्सच्या आधी एक रंगीत तालीम कर: पॅराडाइजहून कॅम्प म्युअर. ५,४०० वरून दहा हजारांवर, त्यातला वरचा भाग एक लांबलचक बर्फाचं मैदान. उतार सोपा, रिसॉर्टच्या ब्लू रनसारखा. दहा हजारांपर्यंतच जाणार आणि हिमनदीवर पाय ठेवणार नसशील तर चढाईचा परवाना लागत नाही. ती वाट तुला दोन गोष्टी शिकवेल. एक म्हणजे स्की बूट घालून साडेचार हजार फूट चढल्यावर मांड्यांत उतरण्यापुरतं काय उरतं. दुसरी, धुकं. समुद्रावरचे ढग खालून भरत येतात. वरून पाहिलं तर कोकणकड्यावरून दिसणारा पावसाळ्यातला ढगांचा समुद्रच. त्यात शिरलास की आकाश आणि जमीन एकाच पांढऱ्या रंगाची होते, आपण उभे आहोत की सरकतोय तेही कळत नाही. मला एकदा तिथे थांबल्यावर तोल जाऊन उलटी झाली. पाणी ज्या दिशेने वाहील त्या दिशेने गेलास तर म्युअरच्या मैदानावरून पॅराडाइजला पोचत नाहीस. एका बाजूला निस्क्वाली हिमनदी, दुसऱ्या बाजूला पॅराडाइज हिमनदी. चढताना फोनवर वाट नोंदवायची आणि फोन छातीशी, आतल्या खिशात ठेवायचा. होकायंत्र गळ्यात. आणि शिखराने भिंगासारख्या ढगाची टोपी घातलेली दिसली तर वर वारा सुटलाय, त्या दिवशी तालीमसुद्धा नको.

ज्वालामुखी फुटेल का, असं आई विचारेल. या डोंगरांवर वेधशाळेची यंत्रं बसवलेली आहेत, आणि सेंट हेलेन्स १८ मे १९८० ला फुटला त्याआधी दोन महिने हादरे देत होता. भीती वेगळ्या गोष्टीची. बेकरवर माथ्याच्या थोडं खाली शर्मन विवर आहे, तिथून वाफ आणि सडक्या अंड्याचा वास येतो. १९७५ मध्ये तिथली वाफ एकदम वाढली होती. अशा तोंडांभोवतीचा बर्फ खालून वितळून पोकळ होतो आणि पोकळीत जड वायू साचतो. कॅलिफोर्नियात मॅमथ माउंटनवर २००६ च्या एप्रिलमध्ये स्की रिसॉर्टच्या गस्ती पथकाचे (स्की पट्रोल) तिघं जण अशाच एका तोंडापाशी गेले. बर्फ खचून आत पडलेल्यांना काढायला उतरलेलाही वाचला नाही. वास येतो तिथे फोटोला थांबू नकोस.

सामानाबद्दल फार लिहीत नाही. स्की नव्वद मिलिमीटरच्या आसपास रुंद आणि हलक्या असू देत. रिसॉर्टच्या जड स्की पाठीवर घेऊन तू पहिल्या तासात मला शिव्या देशील. स्की क्रॅम्पॉन मात्र घेच, पहाटेच्या काचेवर नुसत्या स्किन मागे घसरतात. जंगलातल्या वाटेसाठी साधे बूट. सनस्क्रीन नाकपुड्यांच्या आतसुद्धा लाव. बर्फावरून उलटं येणारं ऊन तिथे पोचतं, आणि धापा टाकत तोंड उघडं ठेवलं तर टाळूसुद्धा भाजते. आठवडाभर वरण-भात फुंकून खावा लागतो. शौचाची पिशवी प्रत्येकाची स्वतंत्र, भरलेली परत आणायची.

राहिली गोष्ट गाडीच्या किल्लीची. तुम्ही दोघं नाळांनी पश्चिमेला उतरणार, तिसरा सोंडेवरून. तो तुमच्या तासभर आधी किंवा तीन तास नंतर पोचेल. पायथ्याला फोनला रेंज नाही. किल्ली वर नेऊच नका. गाडीच्या पुढच्या चाकाच्या आत, दगडाखाली ठेवा, आणि कुठला दगड ते तिघांनीही बघून घ्या.